ताई लॉगिन झाली की प्लॉटर मरतो!

आमच्या ऑफिसात एक जोक होता. 'होता' म्हणते, कारण आता तो कुणी केला तर सगळ्यात आधी मीच त्याला गप्प बसवते. जोक असा : "सकाळी प्लॉटर बंद दिसला की समजायचं, ताई साताऱ्यात लॉगिन झाली!" यावर सगळं ऑफिस खिदळायचं. मीसुद्धा. कुणी तरी फोन उचलून "ताई, पाच मिनिटं लॉगआउट हो गं, प्रिंट काढायच्यात" असा अभिनय करायचा, पुन्हा हशा.

तर मंडळी, आज त्या जोकची गोष्ट. ऐकायला टेक्निकल वाटेल. पण ज्यांचं एक पाऊल घरात आणि एक ऑफिसात आहे, म्हणजे आपल्यापैकी निम्मे लोक, त्यांनी जरा दम धरून वाचा. माझ्यासारखी चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढीच इच्छा.

आमचं ऑफिस आर्किटेक्टचं. कर्वे रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. अठरा माणसं, दोन केबिन आणि एक प्लॉटर. प्लॉटर म्हणजे मोठाल्या कागदावर नकाशे छापणारं मशीन. आमच्यासाठी ते देवघरच. क्लायंटला स्क्रीनवर कितीही रंगीत व्ह्यू दाखवा, साइटवरच्या मिस्त्रीला कागदच लागतो. सगळी ड्रॉइंग्ज एका फाइल सर्व्हरवर असतात, म्हणजे कोपऱ्यात गुरगुरणाऱ्या एका काळ्या डब्यात.

आणि ताई. आमच्याकडची सगळ्यात जुनी ड्राफ्टिंगवाली. वयाने मोठी, म्हणून ताई. पण हाक अगं-तुगंचीच. मी नवी नवी लागले तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांचा हिशेब तिनेच शिकवला होता. पुढे मी टीम लीड झाले, ती माझ्या टीममध्ये आली, तरी तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये तिच्या वडिलांना पक्षाघात झाला. भाऊ परदेशात. ताईने सिंहगड रोडवरचा भाड्याचा फ्लॅट सोडला आणि साताऱ्याला माहेरी जाऊन राहिली. सर म्हणाले, "घरून काम करा, पंधरा दिवसांतून एकदा या. सहा महिने बघू कसं जमतंय."

'बघू' या शब्दाची धार नोकरी करणाऱ्याला वेगळी सांगायला नको.

सुरुवातीपासून माशी शिंकली. रोज सकाळी पावणेनऊच्या सुमाराला ताईचा मेसेज : "व्हीपीएन कनेक्टेड दाखवतंय, पण प्रोजेक्टचं फोल्डर उघडत नाहीये." मी रिक्षात. माझं ठरलेलं उत्तर : "रिस्टार्ट करून बघ ना." ती रिस्टार्ट करायची. फोल्डर उघडायचं नाही. कधी कधी मात्र अकराच्या सुमाराला "उघडलं" असा मेसेज यायचा. मग काम यायचं, पण कासवाच्या गतीने. आता माझ्या डोक्यात काय आलं असेल? इथे आमच्या लॅपटॉपवर सगळं धडाधड चालतंय, साइट इंजिनियर बाणेरच्या साइटवरून व्हीपीएन लावतो, त्याचंही चालतंय. मग हिचंच का नाही? आणि अकरालाच कसं बरं उघडतं? सकाळची घरची कामं आटोपल्यावर?

हे मी कुणाला बोलले नाही. पण डिसेंबरच्या अप्रेझल फॉर्ममध्ये 'उपलब्धता' या रकान्यात मी लिहिलं : 'सुधारणा आवश्यक'. दोनच शब्द. लिहायला चार सेकंद लागली असतील.

जानेवारीत अकाउंटवाल्या काकांनी मला गाठलं. हातात व्हाउचरचा गठ्ठा. "अगं, हे काय? घरात प्लॉटर असताना बाहेरून प्रिंटा? एवढ्या पैशात शाई आली असती की!" प्लॉटर मरतो म्हणून आमचे मामा खालच्या दुकानातून प्रिंट आणायचे, त्याचे पैसे होते ते. मामा म्हणजे आमचे शिपाई, पक्के हिशेबी. त्यांच्या खिशातल्या डायरीत प्रत्येक फेरीची तारीख, वेळ आणि कागदांची संख्या लिहिलेली. मी ती डायरी घेऊन बसले. काकांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं, बाकी उद्देश काही नव्हता.

डायरीत चौदा फेऱ्या होत्या. एक तारीख ओळखीची वाटली. मोबाइल काढला, ताईचे मेसेज वर सरकवले. त्याच दिवशी सकाळी आठ बावन्न : "कनेक्ट झाले, फोल्डर उघडत नाही." मामांची फेरी नऊ दहा. दुसरी तारीख बघितली. तेच. तिसरी. तेच. चौदापैकी अकरा दिवस जुळले. उरलेल्या तीन दिवशी ताई रजेवर होती आणि सगळ्यात आधी व्हीपीएन लावला होता साइट इंजिनियरने.

माझ्या पोटात गोळा आला. जोक खरा होता! ताई लॉगिन झाली की प्लॉटर खरोखरच मरत होता. म्हणजेच ज्या सकाळी ती 'कामावर नव्हती' असं मला वाटत होतं, त्या प्रत्येक सकाळी ती जोडलेली होती. मेलेला प्लॉटर हाच तिचा हजेरीपट होता, आणि त्यावर आम्ही सहा महिने हसत होतो.

हार्डवेअरवाल्या दादांना बोलावलं. दादांनी आधी चहा घेतला, मग सगळे डबे बघितले, मग म्हणाले, "मॅडम, ताईंना साताऱ्याहून लॉगिन करायला सांगा." ताई कनेक्ट झाली. प्लॉटर मेला. दादांनी प्लॉटरची नेटवर्कची वायरच उपटली आणि माझ्या लॅपटॉपवरून प्लॉटरच्या नंबराला हाक मारली. खरं तर तिथे कुणी नसायला हवं होतं. पण यादीत त्या नंबरासमोर कुणीतरी हजर! दादांनी त्याचा हार्डवेअर अ‍ॅड्रेस बघितला. तो निघाला व्हीपीएनच्या डब्याचा.

"एकाच फ्लॅटला दोन भाडेकरू घातलेत कुणीतरी," दादा म्हणाले.

आता हे प्रकरण काय आहे, ते मला दादांनी समजावलं तसंच सांगते. हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक 'बी-२०४' असतो. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, कारण पोस्टमनला सोसायटीचा पत्ता कळतो, आणि आतला बी-२०४ आतल्या वॉचमनला. नेटवर्कचंही तसंच. प्रत्येक मशीनला एक नंबर लागतो, त्याला म्हणायचं आयपी अ‍ॅड्रेस. जुन्या पद्धतीचे हे नंबर जगात एकूण साधारण ४२९ कोटी. ते सगळ्यांना पुरणार नाहीत हे जाणकारांना फार आधी कळलं होतं. म्हणून १९९६च्या फेब्रुवारीत 'आरएफसी १९१८' नावाचं एक टिपण निघालं. त्यात तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले : १०ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१पर्यंतचे, आणि १९२.१६८ने सुरू होणारे. हे नंबर कुणीही, कुणालाही न विचारता, आपापल्या चार भिंतींच्या आत वापरावेत. बाहेरच्या जगासाठी अख्ख्या ऑफिसचा एकच पत्ता. सोसायटीसारखंच. पुढे २०११च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठ्यातले मोकळे नंबर खरंच संपले, तरी आपलं घरचं वायफाय चालूच राहिलं, त्यात या युक्तीचा मोठा वाटा.

गंमत अशी, की राखीव नंबर आहेत लाखोंनी, आणि वापरतो आपण सगळे तेच ते. राउटर डब्यातून निघतो तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा नंबर लावूनच. आपण तो तसाच चालू करतो. म्हणजे दहा सोसायट्या बांधल्या आणि दहांनाही एकच नाव, एकच विंग!

जोवर सोसायट्या वेगळ्या आहेत, तोवर चालतं. व्हीपीएन म्हणजे या सोसायटीतून त्या सोसायटीत काढलेलं भुयार. घोटाळा तिथे सुरू होतो. आमच्याकडे तर एक नाही, दोन घोटाळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसले होते.

पहिला घोटाळा प्लॉटरचा. ऑफिसात नंबर वाटायचं काम एका वॉचमनकडे असतं, त्याचं नाव डीएचसीपी. तो वही ठेवतो : हा नंबर याला, तो त्याला, इतक्या दिवसांसाठी. आमचा हा वॉचमन ब्रॉडबँडवाल्यांच्या डब्यात, २०१७पासून. मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा दादांनी घाईघाईने व्हीपीएनचा वेगळा डबा बसवला. बाहेरून येणाऱ्यांना नंबर द्यायला त्यालाही एक पट्टा लागतो. दादांनी दिला १९२.१६८.१.१५१पासून पुढचे वीस. तो पट्टा पहिल्या वॉचमनच्या वहीतही होता. दोन वॉचमन, दोन वह्या, एकमेकांशी बोलणं नाही. तेव्हा काहीच बिघडलं नाही, कारण ऑफिसात होतंच कोण? सगळे घरी. २०२२मध्ये नवा प्लॉटर आला. कंपनीच्या माणसाने बघितलं, १५१वर हाक मारली, कुणी ओ देईना. त्या क्षणी व्हीपीएनवर कुणी नव्हतं, एवढंच. त्याने प्लॉटरला हाताने १५१ नंबर ठोकला आणि गेला.

आता रोज सकाळी व्हीपीएनवर जो पहिला येईल, त्याला पट्ट्यातला पहिला नंबर मिळणार : १५१. आमच्याकडे पहिली कोण? ताई. ती आली की 'माझ्याकडे आहे १५१' असं व्हीपीएनचा डबा ऑफिसभर सांगणार, आणि आमच्या प्रिंटा प्लॉटरकडे न जाता त्या डब्याकडे धावणार. नंतर कुणी दुसरा व्हीपीएनवर आला, त्याला १५२ मिळाला आणि तो नंबर आधीच काकांच्या पीसीला गेलेला असला, की काकांच्या स्क्रीनवर 'आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट'चा फुगा. काका तो न वाचता बंद करायचे आणि संगणकाला दोन शिव्या घालायचे. आम्हाला वाटायचं काकांचा पीसी म्हातारा झाला.

दुसरा घोटाळा ताईच्या घरचा. साताऱ्यात तिने नवं ब्रॉडबँड घेतलं. त्या राउटरने घरातल्या सगळ्यांना दिले १९२.१६८.१ने सुरू होणारे नंबर. ऑफिसचेही तेच. फाइल सर्व्हर आमच्याकडे १९२.१६८.१.१०. ताईच्या लॅपटॉपने विचार केला : १९२.१६८.१.१०? हा तर आपल्याच सोसायटीतला! मग तो भुयारात शिरलाच नाही. घरातल्या घरातच हाका मारत बसला. कुरियरवाल्याला दुसऱ्या सोसायटीचा बी-२०४ द्या म्हटलं आणि तो आपल्याच सोसायटीच्या बी-२०४ची बेल वाजवत बसला, तसं. व्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवत होता ते खोटं नव्हतं. भुयार उघडंच होतं, त्यातून जायची पाळीच येत नव्हती.

मग अकरा वाजता कसं उघडायचं? हे मी ताईला फोनवर विचारलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, हे आधी कबूल करते. ताई म्हणाली, "अगं, घरच्या नेटवर तास-दोन तास खटपट करून कंटाळले की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावते. त्यावर उघडतं. पण डेटा पुरत नाही ना, जड ड्रॉइंग असतात. म्हणून अगदी नाइलाज झाला की मगच." मोबाइल हॉटस्पॉट वेगळ्या गटातले नंबर देतो, आयफोन तर १७२.२०.१०ने सुरू होणारे देतो. ऑफिसशी टक्कर नाही, म्हणून उघडायचं. जादा डेटा पॅकचे पैसे ती स्वतःच्या खिशातून भरत होती. "माझंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं गं," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांचं चालत होतं ना."

मी काय बोलणार? नेटचं सगळं बघायची जबाबदारी सरांनी माझ्यावर टाकलेली. २०१७चा डबा, २०२०चा डबा, २०२२चा प्लॉटर, तिन्ही वेळा चलनावर सही माझी. २०१७मध्ये दादांनी विचारलंही होतं, "मॅडम, नंबरची रेंज बदलून देऊ का?" आणि मी म्हणाले होते, "दादा, नंबर-बिंबर राहू द्या, नेट चालू करा, मला चारला मीटिंग आहे."

असो. पुढच्या रविवारी दादा, मी आणि मामा ऑफिसात बसलो. आता उपाय सांगते. यातलं बरंचसं तुमच्या ऑफिसलाही लागू आहे.

सगळ्यात आधी ऑफिसची रेंजच बदलली. १९२.१६८.१ सोडून १०च्या गटात गेलो. १९२.१६८च्या गटात अशा छोट्या वस्त्या फक्त २५६. १०च्या गटात त्या ६५,५३६ आहेत. पण तिथे जाऊनही १०.०.० किंवा १०.१.१ घ्यायचं नाही, कारण तेही सगळेच घेतात. खासगी नंबर निवडताना ते रँडम निवडा, म्हणजे उद्या दोन नेटवर्क जोडायची वेळ आली तर टक्कर होणार नाही, हा सल्ला १९९६च्या त्या टिपणातच दिलेला आहे. वाचतो कोण! आम्ही शून्य ते २५५च्या चिठ्ठ्या करून मामांच्या टोपीत टाकल्या. मामांनी डोळे मिटून दोन काढल्या. कोणते आकडे आले, ते इथे छापत नाही. छापले तर तुम्ही सगळे तेच टाकाल, मग उपयोग काय?

दुसरं, व्हीपीएनने येणाऱ्यांना ऑफिसच्या रेंजमधले नंबर द्यायचेच नाहीत. त्यांची वस्तीच वेगळी. ऑफिसची एक रेंज, पाहुण्यांची दुसरी. मग दोन वॉचमन असले तरी भांडण नाही. काही कारणाने एकाच रेंजमध्ये ठेवावं लागलं, तर निदान व्हीपीएनचा पट्टा डीएचसीपीच्या वहीतून वगळायला हवा. एक मात्र लक्षात ठेवा. वस्ती वेगळी केली की परतीचा रस्ताही सांगावा लागतो : या नंबरांना द्यायची उत्तरं व्हीपीएनच्या डब्याकडे पाठव. आम्ही ते विसरलो. सोमवारी सकाळी ताई कनेक्ट झाली, तिची हाक सर्व्हरपर्यंत पोचली, आणि उत्तर भलत्याच दाराने बाहेर पडून हरवलं. दादांनी येऊन मुख्य राउटरमध्ये एक ओळ घातली, फायरवॉलमध्ये पाहुण्यांच्या वस्तीला परवानगी दिली, तेव्हा गाडी रुळावर आली.

तिसरं, प्लॉटर, प्रिंटर, सर्व्हर, कॅमेरे यांना हाताने नंबर ठोकणं बंद. त्यांचे नंबर डीएचसीपीच्या वहीतच 'राखीव' म्हणून लिहायचे. मशीन त्याच्या हार्डवेअर अ‍ॅड्रेसवरून ओळखायचं आणि दर वेळी तोच नंबर द्यायचा. वही एकच, वॉचमन एकच.

चौथं, फोल्डरला नंबराने हाक मारायची नाही, नावाने मारायची. हा धडा सोमवारी मिळाला. अठरापैकी अठरा जणांच्या पीसीवर ड्राइव्ह जोडलेला होता तो जुन्या नंबराने. नंबर बदलला आणि सकाळी साडेनऊला अख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती. आता सर्व्हरला नाव आहे. उद्या नंबर बदलला तरी नाव तेच.

पाचवं, सगळ्यात साधं. एक कागद. कोणती रेंज कशासाठी, कोणता डबा काय करतो, कुणी कधी बदललं. तो आता प्लॉटरशेजारी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मामा नवीन माणसाला तो कागद दाखवल्याशिवाय वायरीला हात लावू देत नाहीत.

आता तुमच्यासाठी. तुम्ही आयटीवाले नाही, ऑफिसचा राउटर तुमच्या हातात नाही, तरी एवढं करू शकता. घरून व्हीपीएन 'कनेक्टेड' आहे पण काहीच उघडत नाही, असं झालं की विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. घरच्या वायफायसमोर दिसणाऱ्या आयपी अ‍ॅड्रेसचे पहिले तीन आकडे वहीत लिहा. मग ऑफिसातून सर्व्हरचा नंबर मागून घ्या. पहिले तीन आकडे सारखे असतील, तर बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. खात्री करायची सोपी युक्ती : घरचं वायफाय बंद करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून बघा. तिथे चालतंय आणि घरी नाही? संशय आणखी पक्का.

ऑफिसची रेंज बदलायला वेळ लागणार असेल, तर तोवर घरची बदलता येते. घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये लॅनचा नंबर असतो. त्यातला तिसरा आकडा बदलून भलताच काहीतरी टाकायचा. राउटर पुन्हा चालू झाला की फोन, टीव्ही वगैरे आपोआप नवे नंबर घेतात. घरच्या प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला कुणी हाताने नंबर दिला असेल, तर तेवढा नव्याने द्यावा लागेल. हॉटेलात किंवा कॅफेत बसला असाल तर तिथला राउटर तुमच्या बापाचा नाही, तेव्हा हॉटस्पॉट झिंदाबाद. आणि प्रोग्रॅमर मंडळींनो, तुम्ही डॉकर वापरत असाल, तर ते तुमच्या मशीनवर साधारणपणे १७२.१७ने सुरू होणारी वस्ती गुपचूप थाटतं. ऑफिसही त्याच वस्तीत असेल तर भांडण घरातल्या घरातच आहे, हे विसरू नका.

मात्र ऑफिसच्या डब्यांत स्वतः बोटं घालू नका. ज्याचं ते काम आहे त्याला सांगा. आणि सांगताना 'नेट चालत नाही' एवढंच सांगू नका. केव्हा चालतं, केव्हा नाही, कुठल्या नेटवर, किती वाजता, हे लिहून द्या. आमची केस सुटली ती दादांच्या हुशारीने जितकी, तितकीच मामांच्या डायरीने.

आता राहिला माझा हिशेब. मंगळवारी सकाळी आठ एक्केचाळीसला ताईचा मेसेज आला. एकच शब्द : "उघडलं." मी त्या दिवशी लवकर येऊन प्लॉटरपाशीच उभी होते. एक तळमजल्याचा नकाशा छापायला टाकला. तो शांतपणे, सरळ रेषेत, पूर्ण बाहेर आला. ताई लॉगिन, प्लॉटर जिवंत. मामांनी मशीनला हात जोडले.

मग मी सरांच्या केबिनमध्ये गेले. जाताना डायरी आणि मेसेजच्या प्रिंट घेऊन गेले. म्हटलं, "सर, डिसेंबरचा एक फॉर्म परत हवाय. मी त्यात चुकीचं लिहिलंय." सरांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मी तुझ्या त्या दोन शब्दांवर त्यांचं घरून काम बंद करणार होतो." एवढंच. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ताईचं घरून काम चालू राहिलं. डेटा पॅकचे पैसे काकांनी एका व्हाउचरवर मोजून दिले, शेरा न मारता. काकांकडून ही मोठीच गोष्ट. ताईला मी फॉर्मबद्दल स्वतः सांगितलं. पुढच्या फेरीला ती पुण्याला आली तेव्हा, खाली चहाच्या टपरीवर. तिने ऐकून घेतलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू एकदा विचारायचंस गं. हॉटस्पॉटचं मी तेव्हाच सांगितलं असतं."

नेटवर्कमध्ये एक चांगली रीत आहे. शहाणं मशीन एखादा नंबर घेण्याआधी सगळ्यांना विचारून बघतं : "हा नंबर कुणाचा आहे का?" उत्तर आलं, तर ते तो नंबर घेत नाही. माणसाबद्दल मनात एखादा शेरा पक्का करण्याआधीही असंच एकदा विचारून बघायला काय हरकत आहे?

बाकी ऑफिसात सगळं ठीक. काकांच्या पीसीवर फुगा येत नाही, त्यामुळे शिव्या घालायला आता त्यांना नवीन कारण शोधावं लागतं. आणि प्लॉटर? परवा पुन्हा बंद पडला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाट उघडलं, कागद वाचला, नंबर तपासले. सगळं जागच्या जागी.

शाई संपली होती.